दोन त्रिकोणांचा माणूस आणि बुद्धीचे माप



महाविद्यालयात मानसशास्त्र हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती जे क्रमिक पुस्तक पडते ते सामान्यतः एका ठराविक क्रमाने पुढे जाते. आरंभी संवेदना आणि प्रत्यक्षज्ञान, त्यानंतर अध्ययन, स्मृती व विस्मरण, मग प्रेरणा व भावना; आणि असे करता करता 'बुद्धी व तिचे मापन' हे प्रकरण येते. परीक्षेच्या दृष्टीने हे प्रकरण फारसे अवघड नाही. चार व्याख्या पाठ कराव्यात, बुद्ध्यंकाचे सूत्र ध्यानात ठेवावे, दोन-तीन कसोट्यांची नावे लिहावीत, की काम भागते. परंतु पुस्तकातील इतर प्रकरणे बहुधा पुस्तकातच राहतात. हे प्रकरण मात्र बाहेर पडून शाळेत शिरते, पालकांच्या घरी जाते, आणि एखाद्या मुलाच्या नावापुढे एक आकडा कायमचा लिहून ठेवते. म्हणून त्याचा इतिहास केवळ परीक्षार्थींनी नव्हे, तर आपण सर्वांनीच जाणून घ्यावा, असे मला वाटते.

हा इतिहास सांगताना मी आपणांस दुधनीच्या परिसरात उभे राहून पाहावयास सांगणार आहे. दुधनी हे दादरा आणि नगर हवेलीच्या डोंगराळ भागातील, दमणगंगेवरील मधुबन धरणाच्या जलाशयाकाठी वसलेले गाव. आसपासची वस्ती प्रामुख्याने वारली, कोकणा इत्यादी आदिवासी समाजांची. हा मुलूख १९५४ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. त्या वर्षी २२ जुलैस दादरा, २८ जुलैस नरोली आणि २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश रीतसर भारतात सामील झाला, आणि २६ जानेवारी २०२० पासून तो दमण व दीव यांच्यासह एकाच केंद्रशासित प्रदेशाचा भाग झाला आहे. खेड्यापाड्यांत शाळांचा खरा विस्तार झाला तो मुक्तीनंतरच. त्यामुळे ज्याच्या घराण्यात शाळेची पायरी चढणारा पहिला माणूस त्याचा बाप किंवा आजा होता, असे मूल या बाजूला आजही विरळा नाही. ते घरी वारली किंवा कोकणी बोली बोलते. शाळेत मात्र त्याच्यापुढे मराठीचे अथवा गुजरातीचे पुस्तक येते. अशा मुलाच्या बुद्धीचे माप कोणी, कसे आणि कोणत्या भाषेत घ्यावे? हा प्रश्न मनाशी ठेवून आपण प्रथम पॅरिसला जाऊ.

फ्रान्समध्ये सक्तीचे शिक्षण सुरू झाल्यावर सर्व थरांतील मुले शाळेत येऊ लागली आणि त्यांतील काही मुलांना नेहमीचा अभ्यास झेपत नाही, असे दिसून आले. त्यांच्यासाठी काय करावे याचा विचार करण्यास १९०४ मध्ये सरकारने एक समिती नेमली. आल्फ्रेड बिने हे तिचे एक सदस्य. बिने यांनी आपल्या दोन लहान मुलींचे बारकाईने निरीक्षण केले होते. एकाच घरात, एकाच आईबापांच्या छायेत वाढणाऱ्या दोन बहिणींची विचार करण्याची तऱ्हा किती भिन्न असू शकते, हे त्यांनी तेथे पाहिले होते. १९०५ मध्ये त्यांनी तेओदोर सिमाँ यांच्या साहाय्याने तीस लहान लहान कृतींची एक श्रेणी तयार केली. सांगितलेले आकडे पुन्हा म्हणून दाखविणे, चित्रातील वस्तू ओळखणे, माशी आणि फुलपाखरू किंवा लाकूड आणि काच यांतील फरक सांगणे, अशा त्या कृती होत्या. १९०८ मध्ये त्यांनी या कसोट्या वयानुसार लावल्या. 'मानसिक वय' ही कल्पना तेथून पुढे आली.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. ही कसोटी निघाली ती मुलांना बाजूला काढून टाकण्यासाठी नव्हे, तर त्यांना मदत करण्यासाठी. कोणते मूल मंद आहे हे ठरविताना शिक्षकांची आणि वैद्यांची मते एकमेकांशी जुळत नाहीत, एकाच मुलाविषयी दोघे दोन निदाने करतात, हे बिने यांनी पाहिले होते. खोडकर मुलाला मठ्ठ म्हणावयाचे आणि गरीब स्वभावाच्या मुलाला हुशार म्हणावयाचे, या सवयीपासून मुलांचे रक्षण व्हावे असा त्यांचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधीच न बदलणारी मात्रा आहे, हे मत त्यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तीव्र शब्दांत नाकारले. इतकेच नव्हे तर लक्ष, स्मरण आणि विचार यांची शक्ती वाढविणारे व्यायामही त्यांनी मागे पडलेल्या मुलांसाठी योजले. १९११ मध्ये ते वारले. त्यांच्या हातची ताजवी आता इतरांच्या हाती गेली.

पुढील वर्षी जर्मनीत विल्यम स्टर्न यांनी मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. १९१६ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुई टर्मन यांनी त्या भागाकाराला शंभराने गुणले आणि आज सर्वांच्या तोंडी असलेला बुद्ध्यंक जन्मास आला. जे साधन निदानासाठी होते, ते हळूहळू निकालपत्र झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सुमारे सतरा लाख लोकांची बुद्धी मोजण्यात आली. इंग्रजी वाचता येणाऱ्यांसाठी एक कसोटी आणि न येणाऱ्यांसाठी चित्रांची दुसरी. या दुसऱ्या कसोटीत अपुरी चित्रे पुरी करावयाची होती. एका चित्रात टेनिसच्या मैदानावर जाळे नव्हते, तर दुसऱ्यात ग्रामोफोनला कर्णा नव्हता. इटलीच्या किंवा पोलंडच्या खेड्यातून नुकत्याच आलेल्या शेतमजुराने टेनिसचे मैदान कधी पाहिले असणार? तो अडखळला, की त्याची बुद्धी कमी ठरली. या आकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनी १९२३ मध्ये एक पुस्तक लिहून युरोपच्या काही भागांतील लोकांची बुद्धी उपजतच हलकी असल्याचे प्रतिपादन केले. जे परदेशी अमेरिकेत अधिक वर्षे राहिले होते त्यांचे गुण अधिक होते, हे त्याच आकडेवारीत स्पष्ट दिसत होते. पण ब्रिगम यांनी त्याचा अर्थ निराळाच लावला. पुढे १९३० मध्ये त्यांनी आपले हे निष्कर्ष निराधार असल्याचे स्वतःच लिहून प्रसिद्ध केले. ही त्यांच्या प्रामाणिकपणाची गोष्ट खरी. परंतु मधल्या सात वर्षांत ते पुस्तक वाचणाऱ्यांची मते बनावयाची ती बनून गेली होती.

आता आपण आपल्याकडे येऊ. हिंदुस्थानात बिने यांची कसोटी आणण्याचा एक आरंभीचा प्रयत्न लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजातील सी. हर्बर्ट राईस यांनी केला; त्यांची हिंदुस्थानी कसोटी १९२९ मध्ये प्रसिद्ध झाली. मराठी भाषकांच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे नाव व्ही. व्ही. कामत यांचे. त्यांनी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी या कसोटीची जी आवृत्ती सिद्ध केली ती 'मुंबई-कर्नाटक आवृत्ती' म्हणून ओळखली जाते. तिचा वृत्तांत १९३४ मध्ये विलायतेतील एका शिक्षणविषयक नियतकालिकात आला आणि १९४० मध्ये त्यावरील ग्रंथ ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने प्रसिद्ध केला. कामतांच्या कार्याचे मोल कमी लेखता येणार नाही. परदेशी प्रश्नांचे नुसते भाषांतर करून भागत नाही, प्रश्न येथल्या मुलांना विचारून, त्यांच्या उत्तरांवरून कोणता प्रश्न कोणत्या वयाला योग्य हे नव्याने ठरवावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. ही कसोटी आपल्या देशात कित्येक दशके वापरात राहिली. अनेक मुलांना योग्य शाळा, योग्य उपचार आणि सरकारी सवलती तिच्यामुळे मिळाल्या, हे विसरता कामा नये.

तथापि प्रत्येक माप ज्या मुलांवरून ठरविले असेल त्याच मुलांच्या जगाचे ते माप असते. जेम्स फ्लिन यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतील आणि १९८७ मध्ये चौदा देशांतील आकडे मांडून दाखवून दिले, की पिढीगणिक कसोट्यांवरील गुण वाढत जातात. अमेरिकेत ही वाढ दर दहा वर्षांस सुमारे तीन गुणांची होती. एवढ्या अल्पावधीत माणसाचे रक्त बदलत नाही; बदलते ती शाळा, आहार, घर आणि विचार करण्याची सवय. म्हणजे १९३० च्या सुमाराच्या मुलांवरून बांधलेली फूटपट्टी आजच्या मुलाला लावताना काळाचे अंतर हिशोबात घ्यावे लागते. तेच स्थळाचे. शहरातील वाड्यात आणि दुधनीच्या पाड्यात एकाच वर्षी जन्मलेली दोन मुले एकाच वयाची असली, तरी ती एकाच जगात वाढलेली नसतात.

यावर कोणी म्हणेल, की भाषेची अडचण असेल तर भाषाच वगळावी. मुलाच्या हाती कागद आणि पेन्सिल द्यावी. हा विचार अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्लॉरेन्स गुडइनफ यांना सुचला आणि १९२६ मध्ये त्यांनी 'माणसाचे चित्र काढा' ही कसोटी प्रसिद्ध केली. मुलाने एक माणूस काढावयाचा. डोके आहे काय, मान आहे काय, डोळे, नाक, तोंड, केस, कपडे आहेत काय, बोटे पाच आहेत काय, अशा एकावन्न बाबी तपासून गुण द्यावयाचे. चित्र सुंदर आहे की नाही, याच्याशी कर्तव्य नाही. बोलावयाचे नाही, वाचावयाचे नाही; तेव्हा ही कसोटी जगातील कोणत्याही मुलाला सारखीच लागू पडेल, अशी आशा अनेकांना वाटली. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय मुलांसाठी तिची प्रमाणके तयार केली.

परंतु ही आशा टिकली नाही. १९४२ मध्ये वेन डेनिस यांनी अमेरिकेतील होपी या आदिवासी जमातीच्या मुलांना ही कसोटी दिली. मुलग्यांचा सरासरी बुद्ध्यंक ११६ च्या वर गेला आणि मुलींचा शंभराच्या किंचित खाली राहिला. एकाच पाड्यातील, एकाच रक्ताच्या बहीणभावांत एवढे अंतर कसे पडावे? उत्तर सोपे होते. त्या समाजात चित्रकला आणि आकृतींचे काम ही पुरुषांची परंपरा. मुलगे लहानपणापासून ते पाहत आणि करीत आले होते. कसोटीने मोजली होती ती त्यांची सवय. अखेर १९५० मध्ये खुद्द गुडइनफ यांनी डेल हॅरिस यांच्यासह लिहिलेल्या लेखात, संस्कृतीचा स्पर्श नसलेली कसोटी शोधणे हा भ्रम आहे, असा निर्वाळा दिला. आणि वंशावंशांतील बुद्धिभेदाविषयी आपण १९२६ मध्ये जो लेख लिहिला होता त्याबद्दल जाहीर क्षमाही मागितली. शास्त्राच्या इतिहासात अशी उदाहरणे फार नाहीत.

आता पुन्हा दुधनीकडे वळू. वारली समाजाची चित्रे आज जगभर ठाऊक आहेत. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नप्रसंगी देवीचा चौक लिहावयाचा, ही स्त्रियांची जुनी रीत. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी हीच कला कागदावर आणि कापडावर आणली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते निवर्तले. या चित्रांतील माणूस कसा असतो? दोन त्रिकोण, एकाचे टोक दुसऱ्याच्या टोकाला टेकलेले. वर एक लहानसे वर्तुळ, आणि हातापायांच्या चार रेघा. त्याला नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही, अंगावर सदरा नाही. समजा, या भागातील एखाद्या मुलाने घरच्या भिंतीवरचा हाच माणूस परीक्षकाच्या कागदावर उतरविला. गुडइनफ यांच्या यादीप्रमाणे डोळ्यांचे गुण गेले, नाकाचे गेले, तोंडाचे गेले, कपड्यांचे गेले. परंतु त्याच दोन त्रिकोणांना किंचित तिरपे करून तो माणूस नाचावयास लागतो, वाकून भाताचे रोप लावतो, ताडावर चढतो. तारप्याभोवती फेर धरणाऱ्या माणसांची ती गोल रांग काढावयास प्रमाणाचे आणि तोलाचे किती सूक्ष्म भान लागते! त्याला मात्र त्या यादीत जागा नाही. कारण परीक्षकाने एकटा माणूस मागितलेला असतो, आणि वारली भिंतीवर माणूस सहसा एकटा नसतो.

यावरून सर्व कसोट्या फेकून द्याव्यात, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो मी मान्य करणार नाही. कसोटी नसली म्हणजे मुलाला न्याय मिळतो असे नव्हे. कसोटी नसेल तेथे शिक्षकाचा ग्रह राज्य करतो, आणि तो ग्रह कित्येकदा जातीवरून, कपड्यांवरून, उच्चारांवरून बनलेला असतो. ज्याला ऐकू कमी येते अशा मुलाला वर्षानुवर्षे 'ढ' म्हणून मागच्या बाकावर बसविले जाते. नीट घेतलेल्या एका चाचणीने त्याचे आयुष्य वाचू शकते. म्हणूनच कसोट्या सुधारण्याचे प्रयत्न होत राहिले. १९५५ मध्ये चंद्रमोहन भाटिया यांनी उत्तर भारतातील साक्षर आणि निरक्षर अशा दोन्ही प्रकारच्या मुलांसाठी ठोकळे, आकृत्या आणि चित्रखंड यांवर आधारलेली कृतिकसोटी प्रसिद्ध केली. आणि आज तर शास्त्राने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. केवळ बुद्ध्यंकावरून कोणालाही मतिमंद ठरवू नये; ती व्यक्ती रोजच्या व्यवहारात काय करू शकते हे पाहिल्यावाचून निदान पुरे होत नाही, हा नियम २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन निदानसंहितेच्या पाचव्या आवृत्तीने अधिक ठाशीव केला. जे मूल पाच-सहा शेळ्या रानात नेऊन तिन्हीसांजेला बिनचूक परत आणते, धाकट्या भावंडाला सांभाळते, बाजारात मोड मोजून घेते, त्याची ही कामे आता तपासणीच्या कागदावर आली पाहिजेत.

या साऱ्या शास्त्रीय वाटचालीला समांतर असे एक काम आपल्या शेजारीच झाले, आणि ते मला कोणत्याही कसोटीइतकेच मोलाचे वाटते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचा पाया घातला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले आणि पुढे ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. माँटेसरी पद्धतीची महाग साधने बाजूला ठेवून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पाने आणि खडे हीच शिकण्याची साधने केली. मुले अंगणवाडीत येत. जी गुरे राखावयास जात, त्यांच्यासाठी त्यांनी कुरणशाळा काढली. मूल शाळेत का येत नाही याचे उत्तर त्यांनी मुलाच्या डोक्यात शोधले नाही. ते शाळेच्या वेळेत, जागेत आणि रीतीत शोधले. १९७५ मध्ये केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द देशभर पोहोचला. बिने यांचा मूळ हेतू पॅरिसपासून हजारो कोसांवर, वारल्यांच्या पाड्यांत असा सफळ झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

मराठीत आता 'टॅलेंट' हा शब्द रूढ झाला आहे. तो मूळचा एका नाण्याचा, खरे म्हणजे वजनाचा शब्द; बुद्धिमत्तेच्या अर्थी तो आला तो मत्तयलिखित शुभवर्तमानातील दृष्टांतामुळे. धनी परदेशी जाताना एका चाकराला पाच तालांत देतो, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक. परत आल्यावर पाचाचे दहा करणाऱ्याला तो जी शाबासकी देतो, तीच दोनाचे चार करणाऱ्यालाही देतो. हिशोब मागितला जातो तो मिळालेल्याचे काय केले याचा. मात्र शिक्षकाच्या बाबतीत मला या दृष्टांतात एक पुस्ती जोडावीशी वाटते: मुलाचा तालांत जमिनीत पुरून ठेवणारा नेहमी तो मुलगाच असतो असे नाही. त्याची बोली न समजणारी शाळा, त्याचे चित्र न वाचता येणारा परीक्षक, आणि आकडा पाहून पुढे काहीच न पाहणारा शिक्षक, हेही तो पुरून ठेवू शकतात.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने, शक्य तेथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावे, असे सांगितले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही घरच्या भाषेवर भर दिला आहे. हे अमलात आणावयाचे तर आरंभ तपासणीपासून केला पाहिजे. ज्या मुलाची चाचणी घ्यावयाची, त्याच्याशी प्रथम त्याच्या बोलीत बोलावे. घरी विचारपूस करावी. कान आणि डोळे तपासावेत. कसोटी कोणत्या साली, कोणत्या मुलांवरून बांधली, हे पाहावे. आणि एवढे करून जो आकडा येईल, तो सहा महिन्यांनी पुन्हा पडताळून पाहावा.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने सूत्र अवश्य पाठ करावे. पण त्या सूत्राशेजारी आणखी तीन गोष्टी वहीत लिहून ठेवाव्यात: बिने यांचा हेतू, ब्रिगम यांची कबुली आणि गुडइनफ यांची क्षमायाचना. ज्यांनी माप तयार केले त्यांनाच जर ते एवढ्या जपून हाताळावे लागले, तर आपण ते दुधनीच्या मुलाला लावताना किती जपले पाहिजे, हे निराळे सांगावयास नको.